दोषारोपपत्र हातात पडलंय, लगेच मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जावं का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ महसूल खात्यात मंडळ अधिकारी आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: 2018 मध्ये त्यांनी एक वारस फेरफार, म्हणजे मयताच्या वारसांची नावं जमिनीच्या दप्तरात लावणारी नोंद, प्रमाणित केला. आता सात वर्षांनी त्यावरून दोषारोपपत्र, म्हणजे विभागीय चौकशीसाठीचं आरोपांचं पत्र, आलंय, की मयताच्या एका मुलीला नोटीस न बजावताच नोंद मंजूर केली. निवृत्तीला 14 महिने उरलेत आणि नायब तहसीलदाराच्या पदोन्नतीच्या यादीत नाव आहे. "आरोप खोटा आहे, एवढ्या वर्षांनी उकरून काढलाय, साहेबांचा माझ्यावर राग आहे. मॅटमध्ये गेलो तर दोषारोपपत्र रद्द होईल का? एका वकिलांनी स्टे शंभर टक्के मिळेल म्हणून सांगितलंय."

मी 22 वर्षं सेवाविषयक प्रकरणं चालवतो, बहुतेक मॅटमध्ये आणि त्यानंतर हायकोर्टात. शंभर टक्के स्टे हा शब्द ऐकला की मी पक्षकाराला आधी चहा पाजतो. तुम्ही लांब आहात, म्हणून चहाऐवजी हे लांबलचक उत्तर.

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एका दोरीने बांधल्या आहेत: आरोप खोटा आहे, उशीर झालाय, आणि साहेबांचा राग आहे. न्यायाधिकरण या तिघींकडे एकाच नजरेने बघत नाही. तुम्ही खरे की खोटे हा प्रश्न त्यांच्यापुढे पहिल्या दिवशी नसतोच. हे आत्ता, याच टप्प्यावर तपासायचं का, एवढंच ते बघतात. याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं असतं, आणि ते सरकारवर माया आहे म्हणून नव्हे.

दोषारोपपत्राने तुमचं अजून काहीच काढून घेतलेलं नसतं. पगार चालू आहे, पद आहे, शिक्षा झालेली नाही. तुमच्या निवेदनावर ते मागेही घेतलं जाईल, चौकशीत तुम्ही सुटालही. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' तशी ही वेळ. सुप्रीम कोर्टाने 1987 मध्ये ब्रह्मदत्त शर्मा प्रकरणात कारणे दाखवा नोटिशीबाबत हेच सांगितलं, की नोटीस उघड उघड अधिकाराबाहेरची नसेल तर कोर्टाने मध्ये पडू नये. 2006 मध्ये कुनिसेट्टी सत्यनारायण प्रकरणात ते दोषारोपपत्रालाही लावलं: नुसत्या दोषारोपपत्राने कुणाच्या हक्काला धक्का लागत नाही, म्हणून दाद मागायला कारणच घडलेलं नसतं, अगदी विरळा, अपवादात्मक प्रकरणांतच ते रद्द करावं. सरकारी वकील हे दोन निकाल कागद न बघता सांगतात. तुमच्या वकिलांनाही ते पाठ असणार, तुम्हाला सांगितले नाहीत एवढंच.

दुसरं कारण मला जास्त पटतं. मॅट किंवा हायकोर्ट प्रतिज्ञापत्रांवर चालतं. त्या मुलीला नोटीस बजावली की नाही, हे ठरवायचं तर तेव्हाच्या तलाठ्याला समोर बसवून विचारावं लागेल, पोचपावतीवरची सही कुणाची ते बघावं लागेल, फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना 6 उघडावा लागेल. हे काम चौकशी अधिकाऱ्यापुढे होतं, तिथे उलटतपासणी आहे. खंडपीठापुढे दहा मिनिटांत ते होत नाही. 1994 च्या उपेंद्र सिंग निकालात म्हणूनच रेषा स्पष्ट आखली आहे: आरोप जसेच्या तसे खरे मानले तरी त्यातून गैरवर्तन निघत नसेल, तरच या टप्प्यावर हस्तक्षेप. आरोप खरा की खोटा यात न्यायाधिकरणाने शिरायचं नाही. तेव्हा 'आरोप खोटा आहे' हा तुमचा पहिला मुद्दा मॅटसाठी नाही, चौकशीसाठी आहे. तो तिथे जपून वापरा.

आता अपवाद. कुठले मुद्दे आत्ताच मांडता येतात ते माझ्या अनुभवातून सांगतो. यातलं बरंच तुमच्या हातातल्या कागदावर अवलंबून आहे आणि तो कागद मी पाहिलेला नाही.

सर्वांत बळकट मुद्दा अधिकाराचा. दोषारोपपत्राच्या शेवटच्या पानावर सही कुणाची आहे ते बघा. गोपीनाथ प्रकरणात (निकाल 2013 चा) सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की सक्षम प्राधिकाऱ्याने चौकशी सुरू करायला मान्यता दिली एवढ्याने भागत नाही. नियमात तशी तरतूद असेल तर दोषारोपांच्या मसुद्यालाही त्याचीच मान्यता लागते, नाहीतर ते दोषारोपपत्र कायद्याच्या नजरेत जन्मलेलंच नाही. त्यामुळे सहीखालच्या 'मान्यतेने' या शब्दावर विसंबू नका. माहिती अधिकारात कार्यालयीन टिपणी मागवा. माझ्याकडच्या एका प्रकरणात टिपणीवर फक्त "चौकशी सुरू करावी" एवढंच होतं आणि मसुदा दोन आठवड्यांनंतर खालच्या टेबलावर तयार झालेला होता. मुद्दा टिकला. पण लगेच हुरळून जाऊ नका. आपल्या 1979 च्या शिस्त व अपील नियमांत किरकोळ शिक्षा देऊ शकणारा अधिकारीही मोठ्या शिक्षेची चौकशी सुरू करू शकतो. 'मला नेमणारा अधिकारी तो नाही, म्हणून सगळं बेकायदा' हा कँटीनमध्ये फिरणारा युक्तिवाद आहे, तो चालत नाही. नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करू नये एवढंच घटनेच्या अनुच्छेद 311 चं म्हणणं आहे. चौकशीची सुरुवात कुणी करावी हे ते सांगत नाही.

दुसरा मुद्दा, मन आधीच बनवून टाकल्याचा. दोषारोपपत्राची भाषा वाचा. 'असा आरोप आहे' असं लिहिलंय, की 'आपण दोषी असल्याचे सिद्ध झाले आहे, तरी आपणांस शिक्षा का करू नये' असं? सिमेन्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य (2006) आणि ऑरिक्स फिशरीज (2010) या निकालांत हा धागा आहे: निर्णय आधीच घेऊन नोटीस फक्त औपचारिकता म्हणून काढली असेल, तर तिला उत्तर देण्यात अर्थ उरत नाही आणि कोर्ट ऐकतं. व्यवहारात मात्र असं दोषारोपपत्र रद्द झालं, की खातं पुढच्याच महिन्यात दोन वाक्यं बदलून नवं देतं. निकालपत्रात 'नियमानुसार नव्याने कार्यवाही करण्याची मुभा' हे शब्द असतातच. पेढे वाटण्याआधी शेवटचा परिच्छेद वाचावा.

तुमच्या प्रकरणात आणखी एक मुद्दा आहे. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही आणि मला तोच सर्वांत रंजक वाटतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 150 खाली फेरफार प्रमाणित करताना तुम्ही नुसते कारकून नसता. नोटीस, हरकत, मग निर्णय असं ते अर्धन्यायिक काम आहे आणि त्यावर अपील आहे. निर्णय चुकला तर अपिलात दुरुस्त होईल, त्यासाठी अधिकाऱ्यावर खटला कशाला? 1999 मध्ये झुंजारराव नगरकर यांच्या प्रकरणात असंच झालं होतं. केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यातल्या या अधिकाऱ्याने करचुकवेगिरीचा निर्णय दिला, पण दंड लावला नाही, म्हणून दोषारोपपत्र. सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. कायद्याचा अर्थ लावण्यातली चूक म्हणजे गैरवर्तन नव्हे, असं म्हटलं.

बरेच जण इथेच थांबतात आणि याचिकेत नगरकर निकाल ठळक अक्षरात टाकतात. पुढचं वाचत नाहीत. त्याआधी 1993 मध्ये एका आयकर अधिकाऱ्याच्या, धवन यांच्या प्रकरणात कोर्टाने सांगितलं होतं, की अर्धन्यायिक काम म्हणून कवच मिळत नाही. निष्काळजीपणा, सचोटीबद्दल शंका, कुणाला गैरफायदा देण्यासाठी केलेली कृती, किंवा अधिकार वापरताना पाळायच्याच अटी डावलणं, अशा गोष्टींसाठी चौकशी होऊ शकते. आणि 2006 मध्ये दुली चंद प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नगरकर निकाल धवनशी विसंगत ठरवला. आज धवन चालतो. चूक निर्णयात आहे की वागण्यात, इथे सगळं येऊन थांबतं. तुमच्यावरचा आरोप 'वारसांचा हिस्सा चुकीचा धरला' असा असता, तर मी तुम्हाला मॅटचा रस्ता धरायला सांगितलं असतं. पण आरोप 'नोटीस न देता मंजूर केलं' असा आहे. नोटीस ही पाळायचीच अट. धवनच्या यादीत हे सरळ बसतं. म्हणजे हा मुद्दा दोषारोपपत्र रद्द करायला पुरणार नाही, पण बचावाच्या निवेदनात पहिल्या पानावर हवा: हेतू नव्हता, फायदा कुणाला दिलेला नाही, नोंदीविरुद्ध अपील कुणी केलं की नाही, केलं असेल तर त्यात काय झालं.

उशीर. यावर लोक फार भरवसा ठेवतात, कारण निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. बानी सिंग प्रकरणात (1990) घटनेनंतर 12 वर्षांनी सुरू केलेली चौकशी टिकली नाही. महादेवन प्रकरणात (2005) दहा वर्षांचा न समजावलेला विलंब होता, दोषारोपपत्र गेलं. उलट चमन लाल गोयल प्रकरणात (1995) साडेपाच वर्षं होऊनही चौकशी चालू ठेवली; आरोप तुरुंगातल्या पलायनाचा, म्हणजे गंभीर होता, आणि कोर्टाने दोन्ही पारडी तोलली. 2012 च्या मिर्धा निकालानंतर तर हवा आणखी फिरली: विलंब झाला म्हणून सुरुवातीलाच दोषारोपपत्र रद्द करणं हा सरधोपट मार्ग नाही. एवढ्या वर्षांच्या पुढे बाद, असा आकडा कुठेच नाही. म्हणून मी पक्षकाराला वर्षं मोजायला सांगत नाही, दोन प्रश्न विचारतो.

खात्याला हे कळलं केव्हा? 2019 च्या दप्तर तपासणीत ही नोंद डोळ्यांखालून गेली असेल, तपासणी टिपणीत शेरा असेल, आणि तरी सहा वर्षं कुणी काही केलं नसेल, तर विलंब त्यांचा. पण त्या मुलीने गेल्या वर्षी सातबारा काढला, आपलं नाव नाही हे तिला तेव्हा कळलं आणि तिने तक्रार केली असेल, तर घड्याळ तिथून सुरू होतं. आणि दुसरं, या विलंबाने तुमचं नेमकं काय बिघडलं? 'माझी बाजू मांडायला अडचण येते' या वाक्याला किंमत शून्य. 'नोटीस बजावणारा कोतवाल 2022 मध्ये वारला, नोटिशीची स्थळप्रत (कार्यालयात राहणारी प्रत) तलाठी सजाच्या दप्तरातून अभिलेख कक्षात गेली आणि तिथे सापडत नाही असं लेखी उत्तर माझ्याकडे आहे', या वाक्याला किंमत आहे.

साहेबांच्या रागाबद्दल थोडक्यात: व्यक्तीला नावाने प्रतिवादी करून, प्रसंग आणि तारखांसह आरोप करायची तयारी असेल तरच तो मुद्दा काढा. नसेल तर लिहूच नका. अर्धवट लिहिलेला आकस अर्जाचा बाकी भागही हलका करतो.

आता ते स्टेचं. मी नवा होतो तेव्हा एका उपअभियंत्यांचं प्रकरण माझ्याकडे आलं. मोजमाप पुस्तकातल्या नोंदींबद्दलचं दोषारोपपत्र. मी जोर लावून अंतरिम स्थगिती मिळवली. संध्याकाळी त्यांनी घरी पेढे आणले. मग प्रकरण पडून राहिलं. सरकारचं उत्तर यायला दीड वर्ष, पीठ रिकामं तेव्हा काही महिने, पुढे मीच दोनदा तारीख मागितली. सहा वर्षांनी अंतिम सुनावणी झाली आणि आदेश आला चार ओळींचा: हस्तक्षेपाचं कारण नाही, चौकशी सहा महिन्यांत पूर्ण करावी. तोवर ते निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. उपदान (ग्रॅच्युइटी) अडकलेलं, तात्पुरत्या निवृत्तिवेतनावर घर चाललेलं. ठेकेदाराचा जो पर्यवेक्षक त्यांच्या बाजूने बोलला असता, तो मधल्या काळात वारला. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण त्यानंतर मी स्टेसाठी उठताना दोनदा विचार करतो.

तुमचं गणित तसंच आहे, फक्त आकडे वेगळे. चौकशी सेवेत असताना सुरू झालीय, त्यामुळे निवृत्तीने ती संपत नाही. 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतल्या नियम 27 खाली पुढे चालते. त्या नियमातली चार वर्षांची मुदत तुमच्या कामाची नाही, कारण ती निवृत्तीनंतर नव्याने सुरू करायच्या चौकशीसाठी आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण 'चार वर्षांपूर्वीची घटना, म्हणून चौकशी बाद' असं तुम्हाला कुणीतरी सांगणारच. पदोन्नतीचंही तेच. 1991 च्या जानकीरामन निकालाप्रमाणे दोषारोपपत्र बजावल्यावर नाव मोहोरबंद पाकिटात जातं, म्हणजे पदोन्नतीचा निर्णय चौकशी संपेपर्यंत बंद राहतो. चौकशीला स्थगिती मिळाली म्हणून पाकीट उघडत नाही. दोषारोपपत्र तसंच लटकत राहतं, सुटका करणारी चौकशी मात्र थांबते. 14 महिने उरलेल्या माणसासाठी हा महागडा सौदा.

शिवाय अर्जात तुम्ही सगळा बचाव शपथेवर लिहून देता. खात्याच्या सादरकर्ता अधिकाऱ्याला तो आयता मिळतो आणि चौकशीत तुम्ही शब्दभर इकडेतिकडे झालात की तोच कागद तुमच्यासमोर धरला जातो. आणि अर्ज फेटाळताना 'प्रथमदर्शनी आरोप गंभीर आहेत' अशी एक ओळ निकालात आली, तर चौकशी अधिकारी ती वाचतोच.

इथवरचा हिशेब असा: खोटेपणा चौकशीत मांडायचा, अर्धन्यायिक कामाचा मुद्दा बचावात, राग सोडून द्यायचा, सहीचा आणि टिपणीचा मुद्दा तपासून बघायचा, विलंबाचा मुद्दा कागद मिळाला तर धारदार, नाहीतर बोथट.

मग मॅटचं दार बंद का? नाही. मी तुमच्या जागी असतो तर वेगळं मागितलं असतं. प्रेमनाथ बाली प्रकरणात (2015) सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, की विभागीय चौकशी शक्यतो सहा महिन्यांत आणि फार तर वर्षभरात संपवावी. चौकशी अधिकारीच नेमला जात नसेल किंवा नेमून तो तारखाच देत नसेल, तर 'चौकशी अमुक मुदतीत पूर्ण करा, नाहीतर दोषारोपपत्र टिकणार नाही' अशा आदेशासाठी जा. हे मागणाऱ्याला पीठ क्वचितच परत पाठवतं, कारण यात ते चौकशीत ढवळाढवळ करत नाहीत, खात्याला काम करायला लावतात. चौकशीत लवकर मध्ये न पडण्याचा संयमाचा नियम इथे तुमच्या बाजूने वळतो. मुदत संपूनही खातं ढिम्म राहिलं, तर रद्द करून मागायला तुमच्याकडे आज नाही असा मुद्दा तयार होतो. अट एकच, एकही तारीख तुमच्यामुळे पुढे गेलेली नसावी. रोजनाम्यात प्रत्येक वेळी 'अपचारी हजर' (अपचारी म्हणजे ज्याची चौकशी चालू आहे तो, इथे तुम्ही) असं दिसायला हवं.

थेट हायकोर्टात जाण्याचं डोक्यात असेल तर ते काढून टाका. तुम्ही राज्य शासनाचे कर्मचारी आहात. 1997 च्या चंद्रकुमार निकालाने न्यायाधिकरण हे पहिलं दार ठरवलं, हायकोर्टाचं खंडपीठ त्यानंतर. (जिल्हा परिषदेतले मित्र हे वाचत असतील तर त्यांचं वेगळं: त्यांना मॅट नाही, त्यांची शिस्त 1964 च्या नियमांखाली आणि त्यांची याचिका हायकोर्टात.)

अधिकाराचा आक्षेप मात्र आज मॅटमध्ये गेला नाहीत तरी आजच लेखी नोंदवा. बचावाच्या निवेदनाचा पहिला परिच्छेद त्याच्यासाठी ठेवा: 'आक्षेप राखून, हे निवेदन सादर करत आहे.' सुरुवातीला गप्प बसून शिक्षा झाल्यावर हा मुद्दा काढला, की पहिला प्रश्न येतो: तेव्हा का बोलला नाहीत, आणि तुमचं नुकसान काय झालं? चौकशी अधिकाऱ्याबद्दल पक्षपाताची शंका असेल तर तीही पहिल्या तारखेच्या आत.

निवेदन देण्याआधी जोडपत्र 3 मधली कागदपत्रांची यादी आणि जोडपत्र 4 मधली साक्षीदारांची यादी समोर ठेवा. पहिल्यात नोटिशीची स्थळप्रत आहे का आणि दुसऱ्यात ती मुलगी स्वतः आहे का, हे दोन प्रश्न. स्थळप्रत यादीत नसेल, तर 'नोटीस बजावली नाही' हे खातं कशावरून सिद्ध करणार? आणि तक्रारदारच साक्षीला नसेल, तर तुम्हाला मॅटची गरज पडणार नाही असं मला वाटतं. यादीतल्या प्रत्येक कागदाची प्रत मागणारा अर्ज उद्याच आवक शाखेत द्या. निवेदनाची मुदत प्रती मिळाल्यापासून धरावी अशी विनंती त्याच अर्जात करा. आणि शिक्का, तारीख, आवक क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. टिपणी हाती आली की नावं झाकून इथे टाका, सहीचं बघू.